लग्नपत्रिकेखाली दबलेली ज्वारी

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी, त्या वाटीतून एवढं कौतुकानं काय खात होतीस. तो हुरडा होता. साधा हुरडा नव्हे, बोळकीचा. तो माझ्या वाटीपर्यंत कसा आला हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तुमच्यातल्या एकाची शाळेची वेळ झाली असती आणि दुसरीची झोपेची. म्हणून लिहून काढते. पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट मला आवडत नाही.

बोळकी हे ज्वारीचं एक वाण. बेंबळीच्या बाजूला आपलं शेत आहे, तिथं तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, ती पेरायच्या. दाणा इतका मऊ की तोंडाचं बोळकं झालेल्या माणसालाही तिचा हुरडा खाता यावा, म्हणून बोळकी. उतारा कमी आणि कणीस वाकडं, त्यामुळं बाजारात तिला कुणी विचारत नसे. एकेका घरातून ती जात गेली आणि शेवटी फक्त आपल्याकडं राहिली. मग गावाला टँकरनं पाणी यायचं ते दिवस आले. पेरलेली बोळकी करपली आणि घरात राखून ठेवलेल्या बियाला कीड लागली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. एका परीनं बरं झालं, त्यांना ते बघावं लागलं नाही.

त्या वेळी मला त्याचं फार काही वाटलं नाही. मी कळंबला शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि माझा शेताशी संबंध येळवशीपुरता, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येपुरता. तुमच्या धाकट्या आजीला मात्र, म्हणजे माझ्या जाऊला, ते फार लागलं. शेतातलं सगळं ती सासूबाईंच्या हाताखाली शिकली. दर येळवशीला आपण सगळे शेतात जातो, कडब्याची कोपी, म्हणजे झोपडी, उभारून तिच्यात पाच दगडांची पूजा करतो, भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी, आणि आंबील आल्यागेल्याला वाढतो. आंबील ज्वारीच्या पिठाची. दर वर्षी पहिला पेला भरताना जाऊ तेच वाक्य म्हणायची, "झाली आंबील. पर बोळकीची न्हाय."

गेल्याच्या गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती माझ्याकडं आली. बोटांना बैलांच्या शिंगांचा रंग तसाच होता.

"जाऊबाई, बोळकी जिवंत हाय."

"कुठं?"

"फ्रीजमधी."

मी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. ती पाणी पिऊन शांतपणे बसली आणि मग सांगायला लागली. बचत गटाच्या बायकांना कुणीतरी शेतीची माहिती द्यायला आलं होतं. परराज्यात एक संस्था आहे, ती गावोगावचं जुनं बियाणं गार खोलीत जपून ठेवते, मागितलं तर थोडं देते, असं तो म्हणाला. ते ऐकून जाऊला एक जीप आठवली. फार वर्षांपूर्वी एक संशोधक पिशव्या घेऊन आपल्याकडं आला होता आणि सासूबाईंनी त्याला वाटीभर बोळकी दिली होती.

"तुमी मागा, इंग्रजीत," जाऊ म्हणाली.

"मराठीत मागितली तर देत नाहीत का?"

"देतील की. पर इंग्रजीत मागितली तर न्हाय म्हणायला त्यांना बी इंग्रजी काढावं लागंल."

मी ईमेल लिहिली. उत्तर एका अधिकारी बाईंचं आलं, अगदी सभ्य भाषेत. ते संशोधक निवृत्त झाले होते. त्यांनी आपल्या तालुक्यातून नेलेल्या ज्वारीच्या पुड्या संस्थेत होत्या, पण एक नव्हे, बऱ्याच, आणि त्यांवर गावाचं नाव नव्हतं. कोणती पुडी कुणाची हे लोकांनी नंतर पाठवलेल्या वर्णनांवरून ते लावणार होते, ते काम राहून गेलं. तुमच्या घरून आलेली मेलही आमच्याकडं आहे, बाईंनी लिहिलं, पण ती वाचता येत नाही. दाणे थोडेच असल्यामुळं अंदाजानं कुठलीही पुडी फोडता येणार नाही. पेरणीआधी तुम्ही नक्की सांगू शकलात तर त्या वाणाचे थोडे दाणे पाठवू.

खाली त्यांनी ती मेल चिकटवली होती. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं.

जाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "एवढं काय काय इचारलंय त्यांनी?"

ती मेल आपल्याच घरातून गेली होती हे मला पक्कं आठवत होतं. सासूबाईंनी ओसरीवर बसून सांगितलं, तुमच्या आजोबांनी कागदावर उतरवून घेतलं आणि बाजाराच्या गावी डीटीपीच्या दुकानात जाऊन टाईप करवून तिथूनच पाठवलं. तेव्हा घरी कॉम्प्युटर नव्हता. मराठी मजकूर ईमेलनं गेला याचा आजोबांना एवढा अभिमान होता की आठवडाभर येईल त्याला ते सांगत होते. तो मजकूर पलीकडं कुणाला वाचता आला का, हे विचारायचं मात्र आम्हा कुणालाच सुचलं नाही. कागद तर टाईप झाल्यावर दुकानातच राहिला. जाऊला आठवत होतं तेवढं, मऊ दाणा आणि वाकडं कणीस, मी कळवून बघितलं, पण तशा पुड्या त्यांच्याकडं एकाहून जास्त होत्या.

आता हे प्रश्नचिन्हांचं प्रकरण काय असतं ते सांगते. मला ते त्याच आठवड्यात वाचून कळलं. कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर याचे वेगवेगळे तक्ते असतात आणि मेलच्या माथ्यावर कोणता तक्ता वापरला त्याचं नाव लिहिलेलं असतं. आज जगभर बहुतेक एकच तक्ता चालतो, म्हणून तुमचे मराठी मेसेज मला दिसतात. त्या काळी आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचे फॉन्ट ज्याचे त्याचे असत आणि तक्तेही ज्याचे त्याचे. आपल्या मेलच्या माथ्यावर जे नाव होतं, ते जगातल्या कुठल्याच यादीत नव्हतं.

माझ्या स्वयंपाकघरातले डबे तुम्हाला आठवत असतील. सगळ्यांवर मी इंग्रजीत चिठ्ठ्या लावलेल्या असतात. जाऊ मदतीला आली की म्हणते, "तुमच्या डब्यात काय हाय ते डब्याला तरी ठावं हाय का?" पण चिठ्ठी वाचता आली नाही म्हणून ती डबा उकिरड्यावर ओतत नाही. झाकण काढते, वास घेते, चिमूट जिभेवर ठेवते. संस्थेच्या नव्या प्रोग्रॅमनं उलटं केलं होतं. चिठ्ठी कळली नाही, तर त्यानं प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवून दिलं. आणि असा मजकूर एकदा का कॉपी करून पुढं पाठवला, की मग त्यात खरोखर प्रश्नचिन्हंच उरतात. डबा रिकामा.

म्हणून मी बाईंना फोन केला आणि मूळ मेल मागितली.

"पाठवली तीच मूळ आहे," त्या म्हणाल्या.

"ती तुमच्या प्रोग्रॅमनं वाचून दाखवलेली आहे. मला जुन्या मशीनमध्ये आली तशी हवी. उघडू नका, कॉपी करू नका, फॉरवर्डही करू नका. फाईलच उचला आणि जोडून पाठवा."

बाईंनी विचारलं, "मॅडम, आपण कॉम्प्युटर शिकवत होता का?"

"इंग्रजी. पण उतारा पुढ्यात असल्याशिवाय मी उताऱ्यावरचे प्रश्न कधी तपासले नाहीत."

त्या हसल्या. त्यांच्या कॉम्प्युटर विभागानं जुन्या साठ्यातून फाईल शोधून काढली, त्याला वेळ लागला. इकडं जाऊनं विहिरीखालची पट्टी नांगरून, कुळवून तयार ठेवली होती. शेजारच्यांची हरभऱ्याची, करडईची बोलणी चालली होती आणि आपली पट्टी मोकळी. ज्वारी हस्त नक्षत्रात पेरायची, म्हणून हस्त लागायच्या आत निकाल लागायला हवा होता.

"लोक इचारत्यात, पट्टी का मोकळी ठिवली," ती म्हणाली.

"मग काय सांगतेस?"

"पाव्हणे यायचेत म्हणून सांगते."

फाईल आली. उघडली, तर आधी चौकोनी शंकरपाळ्यांत बसवलेली प्रश्नचिन्हं दिसली. या खेपेला मी घाबरले नाही. प्रोग्रॅममध्ये अक्षरांचा तक्ता आपण बदलून बघू शकतो. मी युरोपातल्या भाषांचा जुना तक्ता निवडला, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक आकड्याला काही ना काही चिन्ह असतं. पडदा क्षणात भरून गेला. रोमन अक्षरं, कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणावर ठिपके, कुणाला खाली शेपूट.

"आता तर पारच बिघडलं," जाऊ म्हणाली. "आधी निदान एकसारखं दिसत हुतं."

"बिघडलं नाही, सुधारलं. मघाशी सगळे एकसारखे होते, म्हणजे सगळे मेलेले होते. आता बघ, हा टोपीवाला पुन्हा पुन्हा येतो. हा शेपटीवाला क्वचित येतो. म्हणजे ही अक्षरं आहेत. आपली आहेत, फक्त वेष बदलून आलीत."

तिनं बराच वेळ पडद्याकडं बघितलं. "मंजी आत्याबाई ह्यात बसल्यात." सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची.

"बसल्यात."

सोपा मार्ग म्हणजे तो जुना फॉन्ट शोधणं. दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, जुना कॉम्प्युटर भंगारात गेला, मालक पुण्याला लेकाकडं. मी इंटरनेटवरून मिळतील ते जुने मराठी फॉन्ट उतरवून लावून बघितले. कशानंच जुळेना. एकातून निघालेला मजकूर जाऊला वाचून दाखवला तर ती म्हणाली, ह्याला भूतबाधा झालीय.

मग मी हातानं सोडवायला बसले. दुपारची जेवणं झाली की कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिन्हं मांडायची. सर्वांत जास्त वेळा येणारं चिन्ह म्हणजे काना असणार, हे लवकर लक्षात आलं. त्या फॉन्टात अक्षरं तुकड्यांनी बनत, अर्धा प आणि त्याच्यापुढं उभी रेघ, त्यामुळं ती रेघ जागोजागी. पण बाकीच्या चिन्हांना हात घालायला सुरुवातीचे काही शब्द नक्की माहीत हवे होते. ते मला माहीत आहेत अशी माझी खात्री होती. तुमचे आजोबा गॅस सिलेंडरवाल्याला चिठ्ठी लिहितानासुद्धा "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" लिहिल्याशिवाय पुढं जात नसत. मी ते शब्द पहिल्या ओळीवर ठेवले. बसेनात. दुसऱ्या ओळीवर ठेवले. तिथंही नाही. अक्षरांची लांबीच जुळत नव्हती. हस्त तोंडावर आला आणि माझी गाडी पहिल्या ओळीतून हलत नव्हती.

त्या दुपारी जाऊ तूर निवडत बसली होती. मी कंटाळून कॅलेंडर बाजूला सारलं आणि म्हटलं, त्या दुकानदारानं धड काम केलं असतं तर ही वेळ आली नसती.

"त्यानं कधी धड केलंय? तुमी रिटायर झाला तवा तुमचं दुसरं लगीन लावत हुता की त्यो."

ही आठवण ती दर वर्षी काढते. माझ्या निरोप समारंभाची पत्रिका त्याच दुकानातून छापून आली होती. खाली ओळ होती, उपस्थित राहून वधू-वरांस शुभाशीर्वाद द्यावेत. शाळेतल्या शिपायापासून सगळे हसले होते आणि मी रागानं सगळ्या पत्रिका परत पाठवल्या होत्या. तो माणूस कधी कोरी फाईल उघडतच नसे. लग्नपत्रिकेची फाईल उघडायची आणि तिच्यावरच पुढचं काम टाईप करायचं, मग ती वास्तुशांत असो नाहीतर दहावीचा निकाल. पुसायचं राहिलं तर राहिलं.

मी उठले आणि कपाटातून तुमच्या आई-बाबांची लग्नपत्रिका काढली. तीही त्याच दुकानातली, त्याच सुमाराची. मला ती शोधावी लागली नाही. माझ्या वस्तू कुठं असतात ते मला माहीत असतं, आणि या सवयीवरून मला हसणाऱ्या सगळ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

पत्रिका लॅपटॉपला टेकवून उभी केली. वर गणपतीची ओळ. त्याखाली "आमचे येथे श्रीकृपेकरून". पडद्यावरच्या पहिल्या ओळीशी ती गणपतीची ओळ ठेवली. बसली. दुसरी ओळ ठेवली. तीही काना-मात्रेसकट बसली, आणि "आमचे"मधला च, "येथे"मधला य, श्री, कृ, सगळे एकामागून एक टोप्या काढून उभे राहिले.

"काय झालं?" जाऊनं विचारलं. मी बहुतेक मोठ्यानं हसले असेन.

"बोळकीची लग्नपत्रिका आहे ही. आमचे येथे श्रीकृपेकरून बोळकी नावाची ज्वारी पूर्वीपासून पिकते, असं सुरू होतंय."

"आणि नवरा कोण?"

पुढचं काम मग शब्दकोड्यासारखं झालं. एक अक्षर मिळालं की ते चार ठिकाणी उजळायचं आणि त्यातून पाचवं कळायचं. शेवटी मजकूर संपल्यावर दुकानदारानं "हेच आग्रहाचे निमंत्रण"ही पुसलं नव्हतं, त्यातून राहिलेली अक्षरं मिळाली. आयुष्यभर ज्या निष्काळजीपणावर मी चिडले, त्याचे त्या दुपारी मी मनापासून आभार मानले. दिवेलागणीच्या आत सगळा मजकूर कॅलेंडरच्या मागं माझ्या अक्षरात उतरला होता.

मी तो जाऊला वाचून दाखवला. आजोबांनी सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं घेतलं होतं. "कणसाची मान बगळ्यागत वाकडी. टरफल काळं, दाण्याला निम्म्यापातूर धरून बसतंय. दाणा पांढराफेक न्हाय, दुधात हळदीचं बोट बुडवल्यागत. उतारा कमी देती, पर तिला हिणवू नका, म्हाताऱ्यांची ज्वारी हाय ती. सायेब, नीट ठिवा. आमची सरली तर मागाया येऊ, तवा ओळख ठिवा."

जाऊचा हात तुरीच्या सुपातच थांबला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आपुन मागाया येणार हे त्यांना ठावं हुतं."

मी तेवढंच इंग्रजीत करून बाईंना पाठवलं. कणसाची मान वाकडी, टरफल काळं, दाणा निम्मा झाकलेला, रंगात पिवळसर झाक. त्यांच्याकडं प्रत्येक पुडीतले थोडे दाणे एकदा लावून त्यांची लक्षणं नोंदवून ठेवलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. हे सगळं एकत्र असलेली पुडी एकच होती.

"मॅडम, नक्की," त्या म्हणाल्या, आणि मग जरा चाचरत, "तुम्ही तो अक्षरांचा तक्ता आम्हाला द्याल का? तुमच्या भागातून आलेल्या आणखी काही मेल अशाच अडकून पडल्यात."

मी तक्ता नीट टाईप करून पाठवला, एका बाजूला चिन्ह, दुसऱ्या बाजूला अक्षर, आणि खाली एक सूचना: पहिली ओळ गणपतीची असेल असं धरून चाला. त्याच दुकानातून गेलेल्या सगळ्या मेल त्यानं उघडल्या. वेगळ्या फॉन्टातली एक मुरुमच्या बाजूची होती, तिच्यासाठी बाईंनी याच रीतीनं स्वतः नवा तक्ता केला. ज्या पुड्यांवर नुसता तालुका होता, त्यांच्यावर आता गावं आहेत, वाणांची नावं आहेत. कुणाला आपलं हरवलेलं परत हवं असेल तर ते आता सापडेल. निवृत्तीनंतर मी केलेलं हे सर्वांत चांगलं काम, आणि ते करताना मी घरची खुर्ची सोडली नाही.

दाणे पोस्टानं आले, मुठीतही मावतील एवढेच. जाऊनं पाकीट न फोडता देवापुढं ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. हस्त नुकताच लागला होता. तिफण नको म्हणाली, सगळे दाणे तिनं हातानं टोकले. पट्टीच्या बांधावर बसून मी फक्त बघत होते. शेजारच्या शेतातून एकीनं हाळी दिली, "आले का गं पाव्हणे?"

"आले," जाऊ म्हणाली. "लई लांबून."

कणसं आली ती खरोखर मान वाकवून. पाखरांनी धरू नये म्हणून ओटीत आलेल्या खणांच्या पिशव्या शिवून तिनं प्रत्येक कणसाला घातल्या. लाल, हिरव्या, जांभळ्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ज्वारी हळदीकुंकवाला निघालीय. त्या वर्षीच्या येळवशीला तिनं कुणाला एक दाणा खाऊ दिला नाही, सगळा बियाला. शास्त्रापुरता तरी दे म्हटलं, तर म्हणाली, "जाऊबाई, तुमी परीक्षेच्या आदी पेपर दाखवत हुता का?"

या वर्षी पट्टी नाही, अख्खं वावर बोळकीचं होतं. येळवशीला कोपीसमोर शेणीच्या आरात, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत, कणसं भाजली. गावातली सर्वांत म्हातारी बाई, जिच्या तोंडात एकही दात उरलेला नाही, तिला पहिली वाटी दिली. तिनं डोळे मिटून हिरड्यांनी तो हुरडा खाल्ला आणि वाटी पुन्हा पुढं केली. त्यानंतर जाऊनं आंबिलीचा पहिला पेला भरला. आम्ही सगळे तिच्या त्या वाक्याची वाट बघत होतो. ती पेला माझ्या हातात देऊन म्हणाली, "झाली आंबील." आणि तिथंच थांबली.

आता माझ्या स्वयंपाकघरात एक नवा डबा आला आहे. कडुलिंबाचा पाला घालून बोळकीचं बी भरलेलं. जाऊकडं तसाच एक आहे, बचत गटातल्या बायकांकडं आहेत. चिठ्ठी मी लिहायला घेतली तेव्हा ती शेजारी उभी राहिली.

"इंग्रजीत नगा," म्हणाली.

मी मराठीत लिहिलं. मग तुमचा विचार करून खाली इंग्रजीतही लिहिलं, आणि आत चिमूटभर दाणे पारदर्शक पुडीत वेगळे ठेवले. उद्या दोन्ही लिप्या कुणाला वाचता आल्या नाहीत तरी झाकण काढलं की कळेल, आत काय आहे. उन्हाळ्यात आलात की पहिल्यांदा तो डबा तुम्ही उघडायचा.